खालचे पुढचे दात

केत्या, तू फक्त ऐक. मध्ये 'मग?' आणि 'म्हणजे?' करायचं नाही, नाहीतर मी कुठंतरी भरकटतो आणि खरं सांगायचं राहून जातं.

तर नवरदेव घोड्यावर. परण्या निघालेला, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात ना, तो. पलूसचं चैत्रातलं ऊन, डांबर चपला ओढून धरतंय, आणि आम्ही सगळे त्या लाल झालरीच्या जाड कोटात. मी साइड ड्रमवर. माझ्या पुढं सुद्या क्लॅरिनेटवर. आणि सगळ्यांच्या पुढं ट्रंपेट घेऊन आमचा मामा. बँड मामाचाच. सुद्या त्याचा एकुलता एक, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव सुदर्शन, पण सुदर्शन त्याला फक्त शाळेतल्या बाई म्हणायच्या. आणि वाजवायचा काय रे तो! लोक नवरदेवाला सोडून त्याचे व्हिडिओ काढायचे. बायका गॅलरीतून ओरडायच्या, 'एऽ क्लॅरिनेट, पुन्हा घे की!'

तर ऐन रंगात आलेलं आणि क्लॅरिनेट एकदम किंचाळली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. आणि बंद.

"ए पिपाणी! झोप लागली व्हय रं?" नवरदेवाचा चुलता ओरडला.

मामानं मागं वळून पण बघितलं नाही. त्यानं ती चाल तिथल्या तिथं ट्रंपेटवर उचलली, लोक नाचत राहिले. सुद्या माझ्याकडं वळला. त्यानं खालचे पुढचे दात बोटानं दाबून दाखवले. पेटीच्या पट्ट्या दाबल्यासारखे दात खालीवर होत होते.

"लका, हे बघ," म्हणाला आणि हसला. हसताना त्याची हनुवटी अजूनच मोठी दिसली. दोनेक महिने ती सुजत चालली होती. आम्ही चिडवायचो, 'काय सुदाशेठ, बार भरलाय काय?' खरं तर तो तंबाखूला शिवायचा पण नाही.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुला पुढचं कळणार नाही. सुद्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. चार वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा मिरजेला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा, डायलिसिस. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला, मामाला आणि माझ्या आईला, बस. मामी तर तो लहान असतानाच गेलेली. आमच्याकडं मिरज म्हणजे वाद्यांचं गाव, त्यामुळं मामानं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगं वाद्यं दुरुस्तीला जातं. लोक म्हणायचे, 'शंकरच्या बँडची वाद्यं लई नाजूक बाबा.' डाव्या हातावर सुया टोचायला शीर फुगवलेली असते बघ, तिथं कान लावला की गिरणीसारखी घरघर ऐकू येते, ती त्या लाल कोटाच्या लांब बाहीत झाकलेली असायची.

लपवायचं कशाला? कारण आमच्या भागात जुन्या लोकांचं एक आहे. नवरदेवाच्या पुढं रोगी माणसानं फुंकायचं नाही. त्या फुंकीवर नवरदेव चालतो म्हणे. ढोल बडवायला चालतो, झांज चालते, पण फुंक नाही. एकदा कळलं असतं तर सुद्याला कुणी पुढं उभं केलं नसतं. आणि सुद्याला वाजवण्यावाचून दुसरं काही नव्हतं, केत्या. खाणं मोजून, पाणी मोजून, लग्नाचं नाव नाही. मशीनवर झोपलेला असायचा तेव्हा पण उजव्या हाताची बोटं चादरीवर चालू.

तर त्या दिवशी परण्या संपला, आणि मामानं सुद्याला मांडवाच्या मागं नेलं. तोंड उघडायला लावलं. अंगठ्यानं दात हलवून बघितले, बैलाचे बघावेत तसे. आणि म्हणाला, "हात्तिच्या. एवढंच व्हय!"

"अण्णा, हनुवटी पण दुखतीया," सुद्या म्हणाला.

"दुखनारच. दात मुळातनं सुटलं की सूज यायचीच. आरं, क्लॅरिनेट दात खातीच. तुझ्या आज्ज्याचं बी असंच हाललं. काढलं, कवळी बशीवली, आनि मरंपतूर वाजवलं. माझ्या लग्नात माझ्या बापानं कवळी लावून वाजवलंय!"

आमच्या घराण्यात हे असंच होतं रे. आजोबांचे काढले, आजोबांच्या भावाचे काढले. दात हलले की वाट बघायची नाही, सीझनच्या आत काढायचे, कवळी करायची, उभं राहायचं. पैलवानाचा कान मोडतो तसं, क्लॅरिनेटवाल्याचे दात.

मी म्हणालो, "मामा, आधी मिरजेच्या मॅडमना विचारू की. त्याचं साधं नाही ना काही."

"तुझ्या मॅडमला क्लॅरिनेट येती का वाजवाया?"

"तसं नाही, पण—"

"तुष्या, मशीनचं त्यास्नी कळतंय. तोंडाचं मला कळतंय. तीस वर्सं फुंकतोय."

सुद्या म्हणाला, "जाऊ दे रे. अण्णा म्हणतोय तर काढू. वैशाखात चांगल्या सुपाऱ्या हायत."

मी दुसऱ्या दिवशी परीक्षेला सांगलीला गेलो. पुढचं मला सुद्यानं सांगितलं. गावातल्याच दाताच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं विचारलं, काही आजार, काही औषधं चालू? आता तो डॉक्टर गावातला, त्याच्या मेव्हणीचं लग्न आमच्याच बँडकडं. मामा म्हणाला, "काय बी न्हाई. गडी खनखनीत हाय." सुद्याचा मनगटापर्यंत हात बाहीत. डॉक्टरनं सूज बघितली, पू असेल म्हणाला, आणि दात काढले. काढायला जोरच लावावा लागला नाही म्हणे. पिकलेल्या चिंचेतनं चिंचोका निघावा तसे आले.

आणि रक्त थांबेना.

मशीनवर रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करायचं औषध देतात. सुद्या त्याच सकाळी मशीनवरनं उठून आलेला. मी पेपर देऊन परत आलो तेव्हा तो अंगणात पाटावर बसलेला, पुढं घमेलं, तोंडात टॉवेलाचा बोळा. मामा त्याच्या पाठीवरनं हात फिरवतोय आणि म्हणतोय, "थांबतंय, थांबतंय, आज्ज्याला बी आलतं."

मी म्हणालो, "मामा, गाडी काढा."

या वेळी तो वाद न घालता किल्ली आणायला उठला.

मिरजेच्या मुजावर मॅडम म्हणजे बारक्या, चष्मा कपाळावर, पण आवाज असा की आख्खा वॉर्ड सरळ बसायचा. त्यांनी आधी रक्त थांबवलं. मग तोंडात बॅटरी मारली. बोटानं हनुवटीचं हाड चाचपलं. आणि चेहरा बदलला त्यांचा.

"हे कोणी केलं?"

सुद्यानं मामाकडं बघितलं.

"शंकरराव, डायलिसिसचा पेशंट आहे हे सांगितलं होतं का तिथं?"

मामा फरशीकडं बघत म्हणाला, "आमच्यात सांगत न्हाईत मॅडम."

"तुमच्यात मरतात तरी सांगून का?"

मग एक्स-रे काढले. जबड्याचा, हाताच्या बोटांचा. रक्ताच्या तपासण्या. गळ्याचं कसलं तरी स्कॅन. आम्ही आठवडाभर तिथंच. मला वाटत होतं कॅन्सर. मामाला पण तेच, पण तो शब्द दोघंही काढत नव्हतो. कॅन्टीनमध्ये चहा घेताना मामा एकदम म्हणायचा, "आपल्या वळखीत कुनाला तोंडाचं... न्हाई, जाऊ दे."

शेवटी मॅडमनी बोलावलं. एक्स-रे उजेडावर धरला. सुद्याच्या हनुवटीच्या हाडात एक काळं भोक होतं. लिंबाएवढं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं हाड.

"कॅन्सर नाही," त्या आधी हे म्हणाल्या. मामानं त्यांच्या टेबलाला हात लावून कपाळाला लावला.

"नीट ऐका. आपल्या गळ्यात मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात. शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. किडनी बंद पडली की त्यांचं डोकं फिरतं. त्यांना वाटत राहतं, रक्तात कॅल्शियम कमी आहे. मग त्या हाडातनं ओढतात. ओढतच राहतात. ह्याच्या चारही ग्रंथी फुगल्यात. हाड पोखरत पोखरत तिथं अशी गाठ धरते. ह्याची जबड्यात धरली."

"म्हंजी दातांचं न्हवतंच?" मामानं विचारलं.

"आजार गळ्यात आहे. गळ्याचं ऑपरेशन करायचं, ग्रंथी काढायच्या. जबड्याला हात लावायचा नाही."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. आम्हाला 'कॅन्सर नाही' एवढंच ऐकू आलं, बाकी पुढं काही ऐकायची ताकदच नव्हती.

ऑपरेशन झालं. आणि केत्या, खोटं वाटेल तुला, गाठ उतरायला लागली! कुणी तोंडाला हात न लावता. दिवाळीपर्यंत हनुवटी पहिल्यासारखी झाली. आणि दुसरं पण चांगलं झालं. मामाची किडनी सुद्याला जुळत होती, मॅडम म्हणाल्या, आता हाडं सावरली की बदलून टाकू. मामा गावभर सांगत सुटला, लपवायचं सोडून दिलं त्यानं. "माझी देनार हाय मी! दोन हायत, काय करायच्यात?" लोकांना म्हणायचा, "पोरगं माझीच फुंक घेऊन वाजवनार."

मग कवळी आली.

बँडच्या खोलीत आम्ही तिघंच. सुद्यानं कवळी बसवली, क्लॅरिनेट जोडली, रीड ओली केली. कसं असतं सांगतो, क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून घेतात आणि त्या ओठावर रीड टेकते. दात म्हणजे भिंत. भिंत पक्की तर सूर पक्का. सुद्यानं फुंकलं. नुसती हवा आली. परत फुंकलं. किंचाळली. कवळी सरकली, त्यानं ती बोटानं बसवली, परत फुंकलं. त्याच्या ओठातनं रक्त आलं. तो थांबेना. साधा सा लावायला बघत होता, केत्या, सा! पहिलीतलं पोरगं लावतं तो. मामा दारात उभा राहून म्हणत होता, "दमानं, दमानं, आज्ज्याला बी येळ लागला हुता." मग मामाला पण बघवेना, तो बाहेर गेला.

सुद्यानं क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, पुसले, पेटीत ठेवले.

"आज्ज्याची बसली. माझी का बसंना?"

"हळूहळू बसेल."

"न्हाई बसायची. खाली हाडच न्हाई. जीभ लावली की खड्डा लागतोय." मग तो म्हणाला, "तुष्या, एक सांग. दात जायाचंच हुतं ना? गाठीनं खाल्लंच आस्तं ना?"

"मला काय माहीत रे."

"मी तसंच धरून चाललोय. जायाचं हुतं ते गेलं. कारन तसं नसंल तर अण्णानं मला बंद केलं, असं हुतंय. आनि तसं आसंल ना, तर मला त्याची किडनी नको. मशीनवर मरंन. पन त्याचं काय बी माझ्या अंगात नको."

रागानं नाही म्हणाला. चहात साखर नको म्हणावं, तसं म्हणाला. म्हणूनच मी घाबरलो. सुद्या रागात बोललेलं विसरायचा, असं शांत बोललेलं कधी विसरायचा नाही.

आता नीट ऐक.

किडनीची तारीख ठरवायला आम्ही मिरजेला गेलो. सुद्या मशीनवर. मॅडमनी मामाला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मशीनवरच्या पेशंटला उठता येत नाही, म्हणून आम्हीच. त्या खूश होत्या. दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, आधीचा आणि आत्ताचा. काळं भोक भरून आलेलं. "बघा, हाड किती छान भरलंय!"

मामा जवळ गेला. बघत राहिला. मग बोट ठेवलं. "आनि हे हितं खाली का बसलंय?"

"तिथले दात काढलेत ना. गाठ असताना दात काढले की तिथलं हाड खचतं. ते भरत नाही."

मामानं बोट काढलं नाही. "मॅडम, दात तसंच ठेवलं आस्तं तर?"

मॅडमनी चष्मा कपाळावरनं डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "शंकरराव, आता त्याचा विचार करून—"

"न्हाई, सांगा."

"राहिले असते. गाठ गेली की हाड धरतं, आणि दात परत घट्ट होतात. सगळ्यांचे होतात असं नाही. पण ह्याचं हाड ज्या तऱ्हेनं भरलंय... राहिले असते बहुतेक."

मामा "बरं" म्हणाला. फक्त "बरं". नमस्कार केला आणि बाहेर आला. वॉर्डपर्यंत लांब पॅसेज आहे तिथं, तो भिंतीला हात लावत लावत चालला, आंधळा चालतो तसा. मी म्हणालो, "मामा, बसा जरा." तो बसला नाही.

वॉर्डात सुद्या पडलेला. हातात दोन सुया, नळ्यांतनं रक्त जातंय, येतंय. आम्हाला बघून म्हणाला, "काय, ठरली तारीख? का म्हाताऱ्याची किडनी एक्स्पायरी झालीया?" शेजारचा पेशंट हसला. मामा हसला नाही. तो कॉटच्या पायाशी जाऊन उभा राहिला.

सुद्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. त्याचं हसू गेलं.

"दातांचं इचारलं व्हय मॅडमला?"

मामानं मान हलवली. हो.

"काय म्हनल्या?"

मामानं दोन्ही हातांनी कॉटचा दांडा धरला. त्याचे ओठ हलायला लागले. तो सांगणार होता, केत्या. मला स्पष्ट दिसत होतं. तो सगळं सांगणार होता. "सुदा," तो म्हणाला, "सुदा, माझ्या हातनं—"

"जायचेच होते," मी म्हणालो. मोठ्यांदा. "गाठ मुळातच होती. काढले नसते तरी पडलेच असते. मॅडम म्हणाल्या, उलट काढले म्हणून गाठ लवकर सापडली."

ते शेवटचं वाक्य कुठनं आलं मला माहीत नाही. आपोआप आलं.

सुद्या माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला, एवढा मोठा, जणू वर्षभर कोंडलेला. "बास," म्हणाला. "बास. मी उगंच अण्णाबद्दल वाईट..." आणि मोकळा हात मामाकडं पुढं केला. मामानं तो हात धरला. धरावाच लागला ना.

बाहेर आल्यावर मामानं मला जिन्यात गाठलं. मला वाटलं खांद्यावर हात ठेवेल. रडेल. त्यानं माझी कॉलर धरली.

"तुला कुनी सांगितलं हुतं मधी बोलाया?"

"मामा, त्यानं किडनी घेतली नसती. तो मला म्हणाला होता तसं."

"नसती घेतली तर मी त्याच्या पाया पडलो आस्तो. त्यानं शिव्या दिल्या आस्त्या. थुकला आस्ता माझ्या तोंडावर. महिना, दोन महिनं. पन बाप-लेकात झालं आस्तं ते. त्याचा राग माझा हुता, तुष्या. त्यो बी तू घेतलास. आता मी कुनाकडं जाऊ?"

"आणि तो मशीनवर मेला असता तर?"

मामानं कॉलर सोडली. आणि जिना उतरून गेला. 

किडनी बसली. सुद्या जिवंत आहे, ठणठणीत आहे, पोटभर पाणी पितो. बँडची सगळी बोलणी तोच करतो. वाजवत नाही. वरातीत जनरेटरच्या गाड्यापाशी चालतो, क्लॅरिनेटवर दुसरं कोणीतरी असतं, आणि सुद्या मान खाली घालून चालतो, उजव्या हाताची बोटं खिशात. आणि जो भेटेल त्याला सांगतो, "माझ्या बापानं टायमात दात काढाया नेलं, म्हनून गाठ घावली. न्हाईतर मी गेलो हुतो. बापानं मला दोनदा जल्म दिला." चहाच्या गाड्यावर सांगतो, पाहुण्यांत सांगतो, मामाच्या समोर सांगतो. सणासुदीला पाया पडतो त्याच्या. तो पाया पडतो तेव्हा मामा डोळे उघडे ठेवून दुसरीकडंच बघत असतो.

मामानं ट्रंपेट सोडलं. ऑपरेशनचं निमित्त सांगतो, पण डॉक्टरांनी त्याला केव्हाच वाजवायला परवानगी दिली आहे. वाळत चाललाय. आई म्हणते, दोन घास खातो आणि ताट सारतो. आणि मी गेलो ना, सख्खा भाचा मी, ज्याला त्यानं खांद्यावर घेऊन ताल शिकवला, तर उठून उभा राहतो आणि म्हणतो, "या पाव्हनं, बसा." तुष्या म्हणत नाही. पाव्हनं.

परवा मी गेलो तेव्हा सुद्या चहा आणायला आत गेला होता. मामा हळूच म्हणाला, "पाव्हनं, मी त्याला सांगू का आता? तुमी परवानगी द्या." मला परवानगी मागत होता, केत्या! आणि आतनं सुद्याचा आवाज आला, "अण्णा, तुमच्यात साखर किती टाकू?" मी मान हलवली. नाही म्हणून. मामानं ती हललेली मान बघितली आणि म्हणाला, "बरं."

किडनी आता त्याच्या अंगात आहे. ती काही तो काढून फेकू शकत नाही. पण ती बापाची आहे म्हणून तो अंगाला जपतो, गोळ्या चुकवत नाही, रोज वेळेवर घेतो. आणि उद्या कळलं तर? गोळ्या नाही घेतल्या तर किडनी जाते रे. नुसतं गोळ्या न घेणं, एवढं सोपं आहे ते. आणि नाही सांगितलं तर मामा असाच जाणार, तोंडात ते वाक्य धरून, अर्धं.

तू तिथं असतास, कॉटच्या शेजारी, मामानं तोंड उघडलेलं, सुद्या वाट बघतोय, तर तू काय केलं असतंस?